ढेकूण आणि पवईच्या पाण्यावरचा किडा

बाई, परवा माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने बाकावरचा किडा चिरडायला पट्टी उगारली आणि मी अगदी तुमच्यासारखी ओरडले, "थांब गं, आधी बघ तरी!" तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत दर रविवारी आई खाट गॅलरीत काढून सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. मेले ढेकूण सोमवारी पुन्हा हजर! सातवीतल्या अशाच एका सोमवारी तुम्ही माझी वही तपासायला उघडलीत आणि आतून एक टेबलावर उतरला. वर्ग खिदळतोय आणि मी बोलून जाते, "बाई, हिच्या दप्तरातून आला असेल." शेजारची, माझी जिवाभावाची मैत्रीण, खाली मान घालून बसली. तुम्ही त्याला काचेच्या बशीत ठेवलंत. शेजारी तुमची बाटली, तिच्यात पवईच्या तलावातून आणलेला, पाण्यावर चालणारा लांब तंगड्यांचा किडा. भिंग माझ्या हातात दिलंत. "हा चपटा, पंखांचा पत्ता नाही, फटीत दडून माणसाचं रक्त पितो. तो उघड्यावर मजेत फिरतो, पाण्यात पडलेले किडे शोषतो. आता दोघांच्या डोक्याखाली बघ." दोघांनाही तीच दुमडलेली सोंड! मी लाज विसरून बघतच राहिले. "एकाच गणातले आहेत. आणि ढेकूण माझ्याही घरी आहेत हो," तुम्ही वर्गाला म्हणालात. मग हळूच, फक्त मला, "त्याची लाज नको बाळगूस. दुसऱ्या गोष्टीची बाळग."

बाळगली, बाई. पण माफी काही मागितली नाही. मैत्रिणीने बाक बदलला, दहावीनंतर ती कुठे गेली कळलं नाही, आणि पुढे तुम्हीही हे जग सोडून गेलात.

गेल्या महिन्यात ती मुलुंडच्या भाजीबाजारात समोर उभी! मेथीची जुडी हातात धरून मी सगळं एका दमात बोलून टाकलं. ती हसली, म्हणाली, "अगं, आमच्याकडे तर पलटण होती ढेकणांची!" मग म्हणाली, "पण तेव्हा लागलं होतं गं मला." माझे डोळे भरून आले. तिने माझा हात सोडला नाही. एवढ्या वर्षांनी छाती हलकी झाली.

निघताना तिने विचारलं, "बाईंना हे खरं कधी सांगितलंस का?" आणि मी पटकन म्हटलं, "हो, केव्हाच."

म्हणून हे लिहायला बसले. रविवारी ती चहाला येणार आहे, तेव्हा हे खोटंही कबूल करीन म्हणते.