वरच्या गावाच्या नावानं चांगभलं

गुरुजी, तुमच्या नावाचा गैरवापर झाला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी झाला आहे. त्यातली एक बाजू माझी होती, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गावात वाद निघाला की साक्षीला तुम्हालाच बोलावतात. जिवंतपणी तुम्ही इतक्या सहज कुठे यायचात!

झालं असं की, ऐन कांदा पोसायच्या दिवसांत धरणातून नदीला आवर्तन सुटलं आणि वरच्या गावानं आपल्या बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढल्याच नाहीत. पाणी तिथेच अडलं. आपल्या वाट्याला वाळू. त्यांच्या ग्रामपंचायतीनं तसा रीतसर ठराव केला होता म्हणे, एकमतानं. मग आपल्यालाही ठराव सुचला. आपला सरपंच म्हणजे माझ्या दोन वर्ग मागे होता तो. संस्कृतची शब्दरूपं पाठ नसायची म्हणून तुमच्या तासाला कायम खिडकीशी उभा. तो ग्रामसभेत उभा राहिला (सवय आहेच) आणि म्हणाला, "यंदा जत्रंच्या खो-खोला वरच्यांच्या पोरी नकोत. पानी त्यांनी अडवायचं आन् मैदान आमी द्यायचं व्हय?" टाळ्या पडल्या. माणसं चिडलेली होती आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं. कांद्याची पात जमिनीवर लोळलेली मी रोज बघत होते.

पण जत्रेच्या सामन्यांना जिल्ह्याचे निवड करणारे येतात. वरच्या गावाच्या कर्णधार पोरीचं तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. या मैदानावर कुणी पाहिलं नाही, तर तिला पुढे बघायला येणार ते पाहुणेच, कांदेपोहे खायला. या सामन्यांना मी पंच असते, मला हे माहीत होतं. म्हणून उठले. "ढापे काय पोरींनी टाकलेत का रे?"

"गावानं टाकले. पोरी गावाच्याच हायेत की."

"तू शाळेत नापास झालास तेव्हा गाव नापास झालं होतं का?"

हशा झाला, पण तो गडी हलेना. म्हणाला, "बाई, तुमी संस्कृतवाल्या, बोलन्यात आमी हरनारच. पन खुद्द गुरुजींनी ह्याच मैदानावरनं वरच्यांचा संघ वापस धाडला हुता. तुमी हुता की तिथं!"

होते. मी नववीत होते. सकाळी तुमच्याबरोबर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, हात अजून पांढरे. वरच्यांची पोरं टेम्पोतून उतरतात, शिट्ट्या मारत. त्यांच्यामागून बऱ्याच वेळानं एक मुलगा पायी येतो, गुडघ्यापर्यंत धूळ. बौद्ध वस्तीतला. पंचक्रोशीत त्याच्याइतकं कुणी पळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हाला तर आहेच. संघानं त्याला टेम्पोत घेतलेलं नाही, कारण मग मैदानातही रांगेत त्याच्याजवळ बसावं लागेल. तुम्ही म्हणता, "हा रांगेत बसला तर सामना." पोरं एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, न्हाई. एकेक जण म्हणतो. तुम्ही म्हणता, "मग टेम्पो फिरवा."

नंतर तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं. तुम्ही पिठलं करताय, तो मुलगा भाकरीचे मोठे मोठे घास घेतोय, आणि मी, नव्यानं शहाणी झालेली, विचारते, "गुरुजी, गावाच्या पापाची शिक्षा खेळाडूंना का?" तुम्ही उलथनं माझ्यावरच रोखलंत. "गाव कुठं आलं होतं इथं? न्हाई कोण म्हणालं, त्यांची तोंडं बघितलीस का? ज्यानं केलं त्यालाच मी परत धाडलं. आधी नीट बघायला शीक, मग न्याय कर. आणि ते पिठलं हलव, खाली लागतंय." दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही माझ्या बाकावर शिट्टी ठेवलीत. मुलीच्या तोंडात पंचाची शिट्टी म्हणून पुढे घरी जे काही झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आताही सांगत नाही.

हे सगळं मी सभेत सांगितलं. माना खाली गेल्या, पण पोरींना येऊ द्यायला हात वर येईनात. मग गुरुजी, मी म्हटलं, "गुरुजींचं वचनच आहे: अन्यापराधे नान्यो दण्ड्यः. एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला दंड करू नये." हे वचन तुमचं नाही. मी ते तिथल्या तिथे, उभ्या उभ्या रचलं. संधी तपासून बघा, बिनचूक आहेत. अर्थ सांगण्याआधीच पुढच्या रांगेतले दोन म्हातारे "व्हय व्हय" म्हणाले. संस्कृत समजलं नाही की आपल्याकडे चटकन पटतं, या गोष्टीवर तुमचं आणि माझं पोट भरलेलं आहे.

सरपंचानं मग तोड काढली, मोबाईलवर बघितलेली. "मोठ्या स्पर्धांत करत्यात तसं करू. सरकार वंगाळ वागलं की खेळाडूला येऊ देत्यात, पन झेंडा न्हाई आन् देशाचं नाव न्हाई. पोरींनी खुशाल खेळावं, गावाचं नाव झाकून. आपन 'पाहुना संघ' म्हनू." मला ते पटलं नव्हतं. माणसाला घरात घ्यायचं आणि त्याचं गाव चपलेसारखं दाराबाहेर काढायला लावायचं, हे कुठलं आतिथ्य? पण मैदान मिळत होतं. मीही हात वर केला.

जत्रेच्या दिवशी पोरी आल्या त्या छातीवरच्या गावाच्या नावावर चिकटपट्टी लावून. कर्णधारीण माझ्याकडे आली, चेहरा अगदी गरीब गाईचा. "बाई, एवढं झाकलं तर चालंल ना? का पिनकोड बी झाकायचाय? आधार कार्डं घरीच ठिवून आलोय."

गुरुजी, तुम्ही तो शेवटचा डाव बघायला हवा होता. पाठलागावर आपल्या पोरी, मैदानात त्यांची ती कर्णधारीण एकटी उरलेली, आणि त्यांचा संघ पुढे आहे फक्त एका गुणानं. ती पळते आहे असं वाटतच नाही. बसलेल्या पोरींच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी जाते. खो, खो, खो! आपली सगळ्यात चपळ पोरगी खांबावरून झेपावते, हात तिच्या टाचेमागच्या धुळीत पडतो, आणि मी वेळ संपल्याची शिट्टी फुंकते. वरचं गाव जिंकलं. माफ करा, पाहुणा संघ जिंकला.

आणि मग अडलं. जिंकलेल्या संघाला वाजतगाजत भैरोबाच्या पायरीशी न्यायचं आणि आपल्या सरपंचानं त्या गावाच्या नावानं चांगभलं घालायचं, हा मान किती पिढ्यांचा! ठराव करताना पाहुण्या जिंकतील असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. सरपंच पायरीवर चढला, गुलाल घेतला, म्हणाला, "पाहुन्यांच्या नावानं..."

गुरवानं ढोल थांबवला. "कंचं पाव्हनं?"

"आरं, हेच की."

"गाव बोला. बिननावाचं चांगभलं आजवर देवाला घातल्यालं न्हाई. मी वाजवनार न्हाई."

सरपंचानं माझ्याकडे पाहिलं. मी कळसाकडे पाहिलं. तेवढ्यात त्या पोरीनं छातीवरची चिकटपट्टी टोकाला धरली आणि एका दमात ओढली. तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. "वाचता येतंय का दादा, का वाचून दाखवू?"

त्यानं वाचलं. आधी पुटपुटला, मग गुरव हलेना म्हणून मोठ्यानं, आणि तिसऱ्यांदा, देवाशपथ गुरुजी, अगदी बेंबीच्या देठापासून. ज्यांचे कांदे त्याच गावानं वाळवले, ती सगळी माणसं हात वर करून ओरडली, चांगभलं! हरलेल्या आपल्या पोरी सगळ्यांत मोठ्यानं. जिल्ह्याच्या संघात त्या पोरीची निवड झाली, तेव्हा तिच्या शेजारी आपल्या गावाचा सरपंच गुलालानं लाल होऊन असा उभा होता, जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं. असू दे. त्यालाही मिरवायला काहीतरी हवंच.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवता आलं असतं तरी तुम्ही ते लाल शाईनं रंगवून परत केलं असतंत, आणि वचनाखाली 'आधार?' असं लिहिलं असतंत. पण एक सांगायचं राहिलं. पाणी सुटलेलं नाही. आज सकाळी मळ्यात जाऊन मोटर चालू केली, तर पाइपातून नुसती हवा. तेव्हा वरच्या गावाला मी एक सणसणीत शिवी हासडली. संस्कृतात तेवढा जोर नाही, म्हणून आपल्या बोलीत. अख्ख्या गावाला, लहानथोरांसकट. मग मोटर बंद केली, जरा वेळ बांधावर बसले, आणि त्या पोरी तेवढ्या शिवीतून वगळल्या.