आईच्या लुगड्याचे पडदे

श्रीपती,

हे लिहिणारच नव्हतो. गुपचूप निघणार होतो, पण मग तू परत "छान दिसतंय" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपला असतास. कामाच्या टायपिंग मशिनवरच दोन बोटांनी टाइप करतोय.

खिडकीचे पडदे ज्या लुगड्याचे शिवले ते तुझ्या आईचं होतं, हे मला आज जिन्यात शेजारच्या केसरबाईंनी सांगितलं. "अरे, आई गेली त्याची. बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेलं त्याने," म्हणाल्या. मला वाटलं, ट्रंकेतलं जुनं कापड आहे. शेवंती वहिनी बाळंत होऊन यायच्या आत खोली घरासारखी कर, तूच म्हणालेलास ना. पैसे न घालवता करायला गेलो. वरून डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून सोडा टाकून उकळलं. डांबरगोळ्यांसकट आईचाही वास गेला असणार. आता जरा ओढलं तरी फाटतंय.

दोन दिवस तू माझ्या हातचं जेवला नाहीस. पिठलं झाकून ठेवलंय, भात कुकरमध्ये आहे. आज तरी खा.

पडदे उसवून मोरव्याला नेतोय. केसरबाईंची बहीण तिथे गोधड्या शिवते. याचं बाळाला दुपटं होईल का विचारतो, पण ती जमेल म्हणेल असं मला वाटत नाही.

तू वहिनींना काही सांगू नकोस. त्या बाळ घेऊन आल्या की दारातच मी सांगेन, आजीचं लुगडं मी कापलं. शब्द देतो.

धम्मदीप