बिनचाकाचा बैल

स्वातीचे बाबा,

भात-भाजी झाकून ठेवली हाये.

मी कोरलेले, जमवलेले लाकडी बैल तुमी काचेच्या कपाटात मांडले अन् चाबी खिशात ठेवली. पाहुणे आले का कपाट दाखवता, बाजूले मले उभी करता. पयले बरं वाटे. आता माझ्याच बैलाइले मले हात लावता येत नाई, अन् मूल गावच्या प्रदर्शनाले जातो म्हटलं त म्हणता, "काऊन? घरीच तर सारं हाये."

स्वातीले घेऊन मूलले चालली. कपाटातलं तसंच राहू द्या.

माझ्या बाबानं केलेला बैल तेवढा नेला. बिनचाकाचा म्हणून तुमी त्याले कपाटात घेतलं नव्हतं. लहानपणी तान्ह्या पोळ्याले सारे पोरं आपापले लाकडी बैल ओढत नेत, माझा घरीच राहे.

काल मी त्याले चाकं लावले.

डिंपल