माधवीच्या फॉर्मचं खरं

बेळगाव,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

मंगलआक्कास धाकट्या सूरजचा नमस्कार.

फोन असताना कागद कशाला काळा करतोय, म्हणशील. फोनवर तू लगेच "जेवलास का रं" विचारतीस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. इकडं आम्ही बरे आहोत. दाजींचा गुडघा आता कसा आहे?

माधवी अजून तुझ्याशी बोलत न्हाय, हे दाजींकडनं कळलं. आईनं फॉर्म चुकीचा भरला म्हणून नर्सिंगची जागा गेली, असं तिच्या डोक्यात बसलंय. ते मीच घातलं. तिच्यासमोर, फोन स्पीकरवर असताना, "आक्का, जमत न्हाय तर हात कशाला लावलास," म्हणालतो मी.

त्या कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म आमच्याच ऑफिसनं केलाय, आणि भरणाऱ्याला पडद्यावर काय वाक्य दिसावं, ते लिहायचं काम माझं. तू 'पाठवा' दाबलंस की सर्व्हर एक आकडा परत धाडतो. चारशेच्या घरातला आला तर बहुतेक भरणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं. पाचशेच्या घरातला आला तर बिघाड आमच्याकडं; भरणाऱ्यानं काही बदलायचं न्हाय, थोड्या वेळानं तेच परत पाठवायचं. मला लई घाई होती. दोन्हीला एकच वाक्य लिहून मोकळा झालो: 'आपली माहिती चुकीची आहे.'

आपल्या सीमाभागात कुणी चुकीचं म्हटलं की माणूस आधी रहिवासी दाखला काढून बघतो. जन्मभर कर्नाटकवाले आणि महाराष्ट्रवाले, दोघंही तोच नाकारून परत करत आलेत. तूही चांगला दाखला बाजूला ठेवलास आणि नव्यासाठी सदलग्याच्या नाडकचेरीत तीन दिवस खेटे घातलेस. तेवढ्यात मुदत संपली.

एवढंच असतं तर फोनवर बोललो असतो गं. फॉर्म जात न्हाय म्हणून तुझा पहिला फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. तुझे चार प्रयत्न, चारी वेळा पाचशे तीन. मुदतीला अजून दोन दिवस होते. "आहे तोच दाखला परत पाठव," एवढं सांगितलं असतं तरी झालं असतं. पण तू कॉलेजला बोलणार, कॉलेज आमच्या साहेबांना विचारणार, आणि माझी नोकरी त्याच महिन्यात पक्की व्हायची होती. मी गुपचूप ते वाक्य बदललं. तू नाडकचेरीच्या रांगेतनं फोन केलतास, तो मी बघत बसलो, उचलला न्हाय.

परवा साहेबांना आणि कॉलेजला सगळं लेखी दिलं. यंदाच्या जागा भरल्यात, असं उत्तर आलं. माझं ऑफिसात काय व्हायचं ते होईल. लाज वाटती आक्का, लई लाज वाटती.

तुझ्याकडं माफी मागायला तोंड न्हाय. एकच कर, हे पत्र माधवीच्या हातात दे. माझी बाजू सावरून घेऊ नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे. तू भरलेला फॉर्म पहिल्या वेळेलाच बरोबर होता, हे तिनं माझ्या अक्षरात वाचावं. मला मामा म्हणायचं का न्हाय, ते मग तिचं तिनं ठरवावं.

आपली चूक तुझ्या माथी मारलेला,
सूरज