प्रणाली पाचच्या गाडीत नसती

४ ऑगस्ट, सोम.
सकाळपाळी. जयसिंगपूर–कोल्हापूर फेऱ्या. कँटीनला कदम कंडक्टर हळूच म्हणाला, तुमची प्रणाली हल्ली पाचच्या गाडीला नसती, सव्वासातला असती. मी म्हटलं, लायब्ररीत बसती. त्यो चहा फुंकत बसला. "व्हय व्हय, लायब्ररी." ते दुसरं 'व्हय' मला आवडलं न्हाय.

७ ऑगस्ट, गुरु.
पोरगी निघताना म्हणाली, "मी येते." आमच्याकडं पोरीबी 'येतो', 'जातो'च म्हणतात. हीबी म्हणायची. आता एकदम 'येते'? कुणासाठी एवढं शुद्ध? बायकोला विचारलं. म्हणाली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हाय, सुधारली आसंल. बायको इतकं पटकन उत्तर देत न्हाय कधी. पाणी मुरतंय.
तेवीस वर्षं तिकिटं फाडतोय. झोपेचं सोंग घेतलेला बिनतिकिट्या मला पाठीवरनं कळतो.

१२ ऑगस्ट, मंगळ.
सुट्टी. न सांगता कॉलेजात गेलतो. प्र.ची प्रॅक्टिकलं दुपारी, आणि दुपारी ही नसतीच. सर म्हणाले, असंच चाललं तर परीक्षेला बसता यायचं न्हाय. डोकंच फिरलं. पोरगाच आसणार, दुसरं काय! पाचपर्यंत फाटकाशी उभा. प्रत्येक मोटारसायकलवाला मला त्योच वाटला.

१३ ऑगस्ट, बुध.
पोरगा न्हाय. नोकरी हाय. बॅगेत गळ्यात घालायचं कार्ड सापडलं, फोटोसकट. इंटरनेटच्या कंपनीत दोन ते सात तक्रारींचे फोन घेती. 'येते' तिथंच शिकिवलंय. बायकोला जूनपास्नं ठाऊक. घरात फसलो तो मीच एकटा.
प्र. रडली न्हाय. म्हणाली, "पप्पा, मला तिथं बोलायला आलं. वर्गात मागं बसून कधी तोंड उघडलं नव्हतं."
मी म्हटलं, सोड. कारण सांगितलं न्हाय. बारावीला मीबी पेट्रोल पंपावर लागलतो, कॉलेज करून दोन तास. दोनाचे आठ कधी झाले कळलं न्हाय, कॉलेज तिथंच ऱ्हायलं. तिचंबी तसंच हुईल म्हणून भ्या वाटतं मला. पण हे तोंडानं कुठं सांगता येतंय.
म्हणाली, सोडतो. 'सोडतो'! घरची भाषा काढली म्हंजे मला गुंडाळती.

१५, शुक्र.
झेंडावंदन. प्र. दिवसभर घरी, पुस्तक पुढ्यात. अर्धा तास पान उलटलं न्हाय. मी मोजत होतो.

१८ ऑगस्ट, सोम.
कोल्हापूर स्टँड, साडेतीन. कंट्रोलरच्या फोनवरनं कार्डावरचा नंबर लावला. दोनदा दुसरंच कोणतरी. तिसऱ्यांदा, "नमस्कार, मी प्रणाली बोलते. आपली काय तक्रार आहे?"
सोडली न्हाय तर.
आवाज बदलून म्हटलं, नेट चालत न्हाय. डब्यावर कुठला दिवा लागलाय, विचारलं. लाल, म्हटलं. बटण दाबा, थांबा, परत दाबा. एकदाबी वैतागली न्हाय. एखाद्या म्हाताऱ्याला हात धरून रस्ता पार करून द्यावा, तसं बोलत होती. घरात माझ्याशी न्हाय बोलत असं. मीबी कुठं बोलतो.
शेवटी ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, "प्रॅक्टिकलला गेलतीस का आज?"
म्हणाली, "सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."
सर म्हणाली मला.
"आणखी काही मदत हवी आहे का?"
तिनंबी फोन ठेवला न्हाय, मीबी न्हाय. भाईर गाडीतली माणसं वरडाय लागली, कंडक्टर कुठं हाय म्हणून.