गुहेतल्या दगडातला पाऊस

माय, आज तुला सांगावंसं वाटलं, मी पाऊस पाहिला. कित्येक शतकांपूर्वी पडून गेलेला.

बोरगाव मेघेचं आपलं स्वयंपाकघर आठवतं? बोअरच्या पाण्यानं गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला पांढरा थर धरायचा. एकदा मी तो चमच्यानं खरवडून वाटीत घेतला आणि त्यावर लिंबामागून लिंबू पिळत बसले. तेवढ्यात तू कापसाच्या जिनिंगमधून दमून आलीस. "काऊन व, सारे निंबू नासवले? वरणात आता तुई अक्कल पिळू काय?" असं ओरडत वाटीत डोकावलीस. थर फसफसत होता. तू पदर सावरून खाली बसतेस, वाटीला कान लावतेस आणि हळूच म्हणतेस, "अवं, हे तं बोलून राह्यलं!" दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तू खास माझ्यासाठी लिंबं आणलीस.

आता माझं कामच ते आहे. गुहेच्या छतातून थेंब टपकतो आणि खाली किंचित चुना ठेवून जातो. थर चढत चढत दगडी खांब उभा राहतो. आम्ही तो उभा चिरतो, थराथरातून चिमूटभर भुकटी काढून ॲसिडमध्ये विरघळवतो, आणि निघालेल्या वायूतला जड व हलका ऑक्सिजन यंत्र मोजतं. पाऊस भरपूर झाला असेल तर जड ऑक्सिजन कमी भरतो, पाऊस कमी झाला असेल तर जास्त.

या खेपेला पडद्यावरची रेघ वर चढली ती उतरेचना. थरामागून थर, पाऊस तोकडाच. एखाद्याचा सारा जन्म त्यात सरला असेल. मी जेवायचं विसरले. त्या काळातही कोणीतरी पेरलं असेल, लेकराला पाजलं असेल, नाहीतर तू कुठून आणि मी कुठून? मग पुढच्या भुकटीला रेघ जराशी खाली वळली. त्याच्या पुढच्या भुकटीला आणखी खाली.

प्रयोगशाळेत मी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. त्या क्षणी मात्र तोंडून निघालं, "पानी आलं व माय!" शेजारचा सहकारी हसला. आनंदानं बोलून गेले, असं त्याला वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. तू आता नाहीस, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. मी तुला हाक मारली होती.