गिझरवरचा कांडेचोर

शीव,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

प्रिय आजोबा,

जय भीम.

तर तुमचंच बरोबर होतं, तो कांडेचोरच, म्हणजे पुस्तकातलं ताडमांजर. मी पुस्तकात परत चेक केलं. जवादी मांजर असती तर शेपटीवर गोल गोल पट्टे असते, आणि ह्याची शेपटी सरळ काळी होती. गावच्या हॉटेलात बाथरूमच्या दारात उभं राहून आपण दोघं भांडत होतो ना, ते भांडण अर्धंच राहिलं होतं. म्हणून पहिलं ते संपवते. तुम्ही जिंकलात.

तब्येत कशी आहे? खोकला? आजीचा गुडघा? इकडे पप्पांचं ऑफिस, मम्मीची शाळा, सगळं रोजच्यासारखं. माझं पण बरं चाललंय.

शीवहून भायखळ्याला कोण पत्र पाठवतं, असं म्हणाल. पण फोन केला की तुम्ही "हां, बरी आहेस ना" म्हणता आणि आजीकडे देता. गावाहून आल्यापासून दोन आठवडे हेच. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर आपण अख्खी सकाळ एकाच टेबलामागे उभे होतो, तुम्ही रांगेतल्या लोकांना पाणी देत होता आणि मी बिस्किटं. तुम्ही प्रत्येकाशी बोललात. कुणी नांदेडचं, कुणी अकोल्याचं, सगळ्यांना विचारलंत किती तास उभे आहात म्हणून. माझ्याशी फक्त "खोका सरकव" एवढंच. म्हणून लिहितेय. शुद्धलेखनाला हसू नका, मम्मीला दाखवलेलं नाहीये. आणि तसंही मला मराठी लिहायला तुम्हीच शिकवलंत. रविवारी राणीबागेतून आलो की एक पान लिहायचं, काय काय बघितलं त्याचं. मी "हिप्पो झोपला होता" एवढं लिहून पळायचे, आणि तुम्ही म्हणायचात, कसा झोपला होता ते कोण लिहिणार?

मला त्या रविवारांची सारखी आठवण येतेय. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचात, जसं काय कुणाच्या लग्नाला चाललोय. खिशात खारे दाणे. मी इंग्लिश मिडियमची, पिंजऱ्यावरची पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि तुम्ही पाटीकडे न बघता म्हणायचात, "आमच्या गावाला हा मोकळा फिरतो." मग घरी येईपर्यंत गोष्टी. नदीतली पाणमांजरं कशी उलटी पोहत मासे खातात. खवल्या मांजर घाबरलं की त्याचा कसा चेंडू होतो. कांडेचोर पिकलेल्या फणसात तोंड घालून बसतो आणि सकाळी तोंडाला चीक. शाळेत मी हे सगळं सांगायचे आणि टीचर म्हणायची, व्हेरी लकी गर्ल. आज मी सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन जंगलात फिरते ते त्या दाण्यांमुळे आणि त्या गोष्टींमुळे. हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते.

म्हणून तर मी ते हॉटेल बुक केलं. तुम्हाला वाटत असेल हिने मुद्दाम उकरून काढलं. तसं नाही. मी मॅपवर सहज आपलं गाव टाकलं आणि तिथे नदीच्या वर एक हॉटेल दिसलं, लाल कौलं, मागे जांभळाची झाडं. मला वाटलं सरप्राईज द्यावं. वर्गातले सगळे मे महिन्यात गावाला जायचे आणि मी विचारायचे, आपण का नाही जात? तुम्ही म्हणायचात, तिथे आता आपलं काय आहे. मला वाटायचं घर नाही म्हणून. हॉटेल असलं तर प्रॉब्लेम सुटला, असं माझं डोकं.

चिपळूणच्या पुढे गाडी वळली आणि तुम्ही काच खाली केलीत. मला वाटलं खूश आहात.

आणि होतातच ना, पहिल्या दिवशी? खरं सांगा. मी बाथरूमचं दार उघडलं आणि गिझरवर ते महाराज गुंडाळी करून झोपलेले. मी किंचाळले नाही हं, फक्त दार लावून घेतलं. मॅनेजर प्रिती आली आणि तिचा चेहराच पडला. मॅडम सॉरी, हा छपरातून उतरतो, बाजूच्या रूमवाल्यांनी पण कंप्लेंट केलीय, लगेच माणूस पाठवते काठी घेऊन. तेव्हा तुम्ही एकदम वेगळेच झालात आजोबा. "काठी नको. खिडकी उघडी ठेवा, संध्याकाळी आपला तो जाईल," एवढं म्हणून तुम्ही दारात स्टूल टाकून बसलात, दुपारभर, गार्डसारखे. अंघोळ आपण बाहेरच्या नळावर केली. संध्याकाळी तो उठला, आळस दिला, तुमच्याकडे बघितलं आणि खिडकीतून गेला. तुम्ही हसलात. पुढचे दात नाहीत ते पूर्ण दिसेपर्यंत हसलात. मी तो फोटो काढलाय, माझ्या फोनवर वॉलपेपर आहे.

आता सकाळचं लिहिते. खरं म्हणजे हेच लिहायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किचनच्या मागे मरून पडलेला. बाजूच्या रूमवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून कुणीतरी शेवटी काठी घातलीच. मला रडायला येत होतं. तिथे चार-पाच जण उभे, पण हात कुणी लावेना. प्रिती म्हणाली, थांबा, वाडीतून कुणाला तरी बोलावते. मी म्हटलं, कशाला कुणाला बोलवायचं, मी आहे ना. नियमाने फॉरेस्टवाल्यांना कळवायचं असतं, ते पण मला माहीत होतं, पण मला त्याला तिथे कचऱ्याजवळ बघवत नव्हतं. मी त्याला उचललं आणि गेटबाहेर जांभळाखाली पुरायला निघाले. प्रितीने फोटो काढले. मी काढू दिले. मला वाटलं, बघा, मुंबईची मुलगी घाबरत नाही.

झोपाळ्यावर प्रितीचे सासरे बसले होते, अण्णा. त्यांनी विचारलं, कोणाची गं तू? मी तर वाटच बघत होते कुणीतरी विचारायची. मी सांगितलं, कोंडीराम म्हणून माझे आजोबा, हेच आमचं गाव.

ते म्हणाले, "कोंड्याची नात होय? मग बरोबर. हे काम तुमच्याशिवाय कोण करणार."

आजोबा, मी थँक्यू म्हटलं. मला वाटलं तुमचा कोणीतरी लहानपणीचा दोस्त आहे, लाडाने कोंड्या म्हणतोय. मला वाटलं आपलं घरच प्राण्यांची माया असलेलं म्हणून गावात नाव आहे. मी हसून थँक्यू आजोबा म्हटलं. त्यांना. आणि मागे वळले तर तुम्ही पायरीवर चहाचा कप घेऊन उभे.

तुम्ही कप खाली ठेवलात, आत जाऊन बॅग भरलीत आणि म्हणालात, "निघू." मी गाडीत दहा वेळा विचारलं काय झालं.

मला आजीने सांगितलं, गेल्या मंगळवारी. तुम्ही बाजारात गेला होता आणि ती मेथी निवडत होती. तिच्यावर रागवू नका, मी तिला सोडलंच नाही. ती म्हणाली, "तुझ्या पणज्याने त्या गावातली मेलेली गुरं ओढली. त्याच्या बापाने ओढली. छप्पन साली आपल्या वाडीने ठरवलं, आता नाही." मग विहीर बंद, दुकान बंद. खोताचा बैल मेला तो चार दिवस गोठ्यात पडून होता. आणि एक दिवस बाप ऐकत नाही म्हणून तुम्हाला शाळेच्या वाटेवरून धरून नेलं, आणि मेलेलं वासरू ओढायला लावलं, सगळ्यांसमोर. तुम्ही नऊ वर्षांचे होता. त्या आठवड्यात पणजोबा सगळ्यांना घेऊन मुंबईला आले. मग आजी म्हणाली, "ह्यांनी मला पण एकदाच सांगितलंय, लग्नानंतर. परत नाही." आणि मेथी तशीच ठेवून उठून गेली.

अण्णा तेव्हा तुमच्याच वयाचे असतील ना?

तेव्हापासून मी तुमच्या सगळ्या गोष्टी आठवून बघतेय, एकेक करून. पाणमांजरं, खवल्या, कांडेचोर, धनेश. त्यात माणूस एकही नाही. इतकी वर्षं मी ऐकल्या आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की ह्या गावात लोक का नाहीत. मला तुम्ही सगळं चांगलं तेवढंच निवडून दिलंत आणि मी तेच घेऊन तुम्हाला परत तिथे नेलं. सॉरी म्हणायला मला नीट शब्द पण येत नाहीत. चुकलं आजोबा माझं.

एक अजून आहे, ते आजीला पण माहीत नाही. प्रितीचा मेसेज आलाय. तो फोटो, माझ्या हातात कांडेचोर असलेला, त्यांना रिसेप्शनला लावायचाय, खाली "आमच्या गावची लेक" असं लिहून. आणि मी महिन्यातून एकदा येऊन गेस्टना जंगल दाखवावं असं ती म्हणते. ती चांगली मुलगी आहे, तिला बहुतेक माझ्याएवढंच माहीत आहे, म्हणजे काहीच नाही. आधीची मी असते तर उड्या मारल्या असत्या.

मी तिला उत्तर लिहून ठेवलंय. की फोटो लावू नका. की माझ्या पणजोबांनी जे काम सोडलं ते मी अजाणता केलं, आणि ते काम कुणाचं होतं, कुणी करायला लावलं, हे तुमच्या सासऱ्यांना विचारा. की माझ्या आजोबांचं नाव कोंडीराम आहे आणि ते पूर्ण घ्यायचं. सगळं लिहिलंय, मराठीत, दोन पानं. रोज उघडते, वाचते, बंद करते. राग येतो तेव्हा वाटतं आत्ता पाठवावं. मग वाटतं, ज्या गोष्टीवर तुम्ही आजी सोडून कुणाशी सत्तर वर्षं एक शब्द बोलला नाहीत, ती मी कोण फोनवरून तिकडे पोचवणारी? आणि परत वाटतं, नाही पाठवलं तर तो फोटो तिथे लागणार आणि अण्णा रोज त्याच्यासमोरून जाणार.

तुम्ही नको म्हणालात तर मी डिलीट करेन, आणि परत कधी विचारणार नाही, प्रॉमिस. पण तुम्हीच ठरवा. मी ते पाठवू, की हे आपल्या घरातच राहू दे? तुम्हाला काय वाटतं, आजोबा?

तुमच्या हो-नाहीची वाट बघणारी,
तुमची
अक्षता